फिट आली, पाच स्टार

"सहाव्या बॉसच्या गाण्याला फिट आली राव," असं स्क्रीनवर लिहिलं होतं. शेजारी पाच स्टार. खाली हिरवा टॅग.

टॅग म्हणजे खेळाडूच्या मताला आम्ही चिकटवतो ती चिठ्ठी. हिरवी म्हणजे कौतुक, लाल म्हणजे तक्रार, पिवळी म्हणजे सूचना. संग्राम हा आमच्या टीममधला सगळ्यात वेगवान वाचक. त्यानं हे मत हिरवं करून पुढं ढकललं होतं. त्यानं ढकललेल्यातली थोडी मतं उचलून पुन्हा बघायची, हे माझं काम. त्याला क्वालिटी चेक म्हणतात. माझी आई त्याला दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही.

मीही ते सोडूनच देणार होते. पण मत लांब होतं. आमच्या सिस्टीममध्ये मताची पहिली ओळ तेवढी दिसते. बाकीचं वाचायला 'पुढे वाचा'वर दाबावं लागतं. वाचकांना वेगाचं टार्गेट असतं, त्यामुळे ते कुणी दाबत नाही. त्या दिवशी मी दाबलं. आत लिहिलं होतं, "दोनदा आली. दुसऱ्या टायमाला जीभ चावली, लई दिवस तिखट खाता आलं न्हाय. घरात म्हणत्यात कुणाला सांगू नको. पण गाणं एक नंबर हाय, रोज खेळतो. बंद करू नका."

कौतुक करताना कुणी जीभ चावल्याचं लिहीत नाही. मी चहा बाजूला ठेवला.

आमचं काम थोडं सांगायला हवं. शाहूपुरीत खाली टायरचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. बाहेरच्या कंपन्यांच्या गेमवर आपल्याकडचे खेळाडू काय मत देतात ते आम्ही वाचतो, त्याला टॅग लावतो आणि दर आठवड्याला रिपोर्ट पाठवतो. तेव्हा आमच्याकडे एका जपानी स्टुडिओचा गेम होता. नाव सांगता येणार नाही, करारात तसं आहे. ऑफिसात आम्ही त्याला 'बँडवाले' म्हणायचो. त्या प्रकाराला रोल-प्लेइंग म्हणतात. म्हणजे तुम्ही एका पात्राच्या जागी उभे राहता, गावोगाव फिरता, लोकांशी बोलता, लढता आणि हळूहळू तयार होत जाता. ह्यात पाच वाजवणारी मुलं असतात. एका राजानं सगळ्या गावांतला आवाज काढून नेलेला असतो आणि ही मुलं तो परत आणायला निघालेली असतात. तलवारीबिलवारी नाहीत. बरोबर ठेक्यावर बोट पडलं की शत्रूला मार बसतो, ठेका चुकला की तुम्हाला बसतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक मोठा शत्रू येतो, त्याला बॉस म्हणतात. मला स्वतःला गेममधलं शष्प आवडत नाही, पण ह्याचं संगीत चांगलं होतं, हे कबूल करते.

गेम मराठीत आला आणि आपल्या भागात चालला. मतं यायला लागली. आता कोल्हापुरी माणसाचं मत बाहेरच्याला कळणं अवघड. तो आवडलं म्हणताना शिवी देतो आणि फार आवडलं की मरतो. सुरुवातीला एकानं लिहिलं होतं, "दुसरं गाणं ऐकून वारलो." बेंगळुरूच्या क्लायंट ऑफिसातल्या मशीननं ते धोक्याचं समजून घंटा वाजवली. तिथून त्या पोराला फोन गेला, तुम्ही सुखरूप आहात ना? तो जेवत होता. त्यानं पाचाचा एक स्टार केला आणि लिहिलं, "गेमवाले घरात फोन करत्यात. वारू बी देईनात." ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो होतो.

बेंगळुरूवाल्यांना मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. मग आमच्या माने सरांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, एक नियम लिहून पाठवला. कोल्हापूर भागातल्या मतांत मरणाचे आणि शारीरिक त्रासाचे शब्द आले तर ते कौतुक समजावं. नियम चांगला चालला. आमचे टॅग अचूक यायला लागले आणि सरांनी तो नियम फ्रेम करून लावायचा तेवढा बाकी ठेवला होता.

आणखी एक गोष्ट झाली होती. सहावा बॉस खेळाडूंना आवडला नव्हता. मिळमिळीत आहे, जाळ नाही, अशी मतं ढीगभर आली. आम्ही तसा रिपोर्ट पाठवला. स्टुडिओनं ऐकलं. नव्या अपडेटमध्ये त्या बॉसचं गाणं जलद केलं आणि प्रत्येक ठेक्याला पूर्ण स्क्रीन पांढरी-लाल, पांढरी-लाल लुकलुकायला लागली. खेळाडू खूश. "आता कसं! जाळ आणि धूर संगटच." सगळं हिरवं. आमचीही पाठ थोपटली गेली.

काही मेंदूंना ठराविक वेगानं लुकलुकणारा उजेड सोसत नाही. फिट येते. आधी कधी आलेली नसली तरी येऊ शकते. हे मला तेव्हा अर्धवट माहीत होतं. म्हणून मी सिस्टीममध्ये शोधायला बसले. फिट, झीट, गरगरलं, डोळ्यापुढं पांढरं. मतं निघाली. सगळी त्या अपडेटनंतरची, सगळी त्याच बॉसवरची आणि सगळी हिरवी. बरीचशी पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. 'फिट आली'मधला फिट मशीननं इंग्रजी समजला होता आणि 'संगीत दृश्याला चपखल बसतं' असा जादा टॅगही लावून ठेवला होता. त्यांत खरं कुठलं आणि लाडानं लिहिलेलं कुठलं, ते मलाही कळेना. मी इथलीच, पण कळेना. भीती वाटली ती त्याची.

मी माने सरांकडे गेले. "सर, हे लाल करतेय."

त्यांनी वाचलं. "जीभ चावली, हे खरं कशावरनं?"

"खोटं कशाला लिहील? पाच स्टार दिलेत."

"तेच म्हणतोय मी. पाच स्टार दिल्यात. माणूस तक्रारच करंना झालाय, तर लाल कसं करायचं?"

"मग त्याला फिट आलेली चालेल?"

"वैशाली, चालंल असं मी म्हटलंय का? अगं, आपण वाचायचं काम करतोय. डॉक्टर हाय काय आपण?" मग म्हणाले, "अनघाला विचार. ती म्हणाली लाल, तर लाल."

अनघा बेंगळुरूची. म्हणजे मूळची पुण्याची, नोकरी बेंगळुरूला. स्टुडिओ आणि आमच्यामधला दुवा तीच. बोलायला गोड. मी फोनवर सगळं सांगितलं. ती कीबोर्डवर काहीतरी शोधत होती, तो आवाज येत होता.

"ताई, तुमच्याच गाइडलाइनमध्ये आहे बघा. शारीरिक त्रासाचे शब्द, कोल्हापूर विभाग, कौतुक समजावे. हे तुमच्याकडूनच आलंय."

"आलंय. ते इथं लागू होत नाही."

"कुठं लागू होतं आणि कुठं नाही, हे कसं ठरवायचं?"

प्रश्न बरोबर होता. मला राग आला तो म्हणूनच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"शिवाय गेमच्या सुरुवातीला इशारा आहेच," ती म्हणाली. "लुकलुकणाऱ्या उजेडाचा त्रास असेल तर खेळू नये म्हणून."

"इंग्रजीत आहे."

"लीगल मजकुराचं भाषांतर होत नाही, ताई. पॉलिसी आहे." मग तिनं मार्ग सांगितला. एका खेळाडूनं स्वतः कबूल केलं आणि डॉक्टरचा एक कागद मिळाला, तर ती ते थेट स्टुडिओकडे नेईल. नाव झाकलेलं चालेल. "एक तरी पक्की केस द्या. त्या मुलाशी बोलून बघा ना."

त्या मुलाशी.  मतात 'खेळतो' असं होतं, म्हणून तिनं मुलगा धरला. आमच्याकडे पोरीही 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात.

गेमच्या सपोर्टच्या, म्हणजे मदत विभागाच्या नावानं मताखाली उत्तर लिहायची मला परवानगी होती. खेळाडूचं टोपणनाव 'छमछम' होतं. मी लिहिलं की तुमचं मत वाचलं, तब्येतीविषयी बोलायचं आहे, चालेल का? दुपारी उत्तर आलं. "मी कुणाला सांगितलं न्हाय. तुमाला कसं कळलं?"

मी लिहिलं, "तुम्हीच लिहिलंय ना इथं."

"गेममधी लिवल्यालं कोण वाचतंय व्हय?"

ह्या वाक्याचं मला फार वाईट वाटलं. वाचायचाच तर पगार घेत होतो आम्ही.

तिनं नंबर दिला. नाव ऋतुजा, वय एकोणीस, गाव हुपरी. मी फोनवर आधी डॉक्टरकडं जा म्हणाले. ती म्हणाली, "घरी येऊन आईला सांगा. माझं ऐकत न्हाय ती." मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, परत येईल किंवा कधीच येणार नाही, बघितल्याशिवाय सांगता येत नाही, गोळ्यांनी बहुतेकांचं आटोक्यात राहतं. तोवर आग, पाणी आणि गाडी ह्यांपासून लांब ठेवा. शनिवारी मी हुपरीची एसटी धरली.

हुपरीत निम्म्या घरांच्या पुढच्या खोलीत चांदीचं काम चालतं. ऋतुजाच्या घरीही पैंजणं करत. मी दारात गेले तेव्हा तिचे वडील तार ओढत बसले होते. ऋतुजा खिडकीखाली पाटावर बसून गॅसच्या ज्योतीवर पैंजणाच्या कड्या जोडत होती. हातात चिमटा, तोंड ज्योतीपासून वीतभर लांब. डॉक्टरांचे शब्द कानात ताजे होते. 

"या पावणं," तिची आई म्हणाली. पाणी दिलं. मी कुठून आले, कशासाठी आले ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आमच्यात असलं काय न्हाय."

"काकी, दोनदा आली म्हणते ती."

"चक्कर आलती. जेवण न्हाय, खाण न्हाय, मोबाईल बघत बसल्यावर येणारच की."

"जीभ चावली म्हणते."

आईनं ऋतुजाकडं बघितलं. ऋतुजानं मान वर केली नाही. कड्या जोडत राहिली.

"मी नाव कुणाला सांगणार नाही," मी म्हणाले. "फक्त एकदा डॉक्टरला दाखवा. त्यांनी लिहून दिलं तर कंपनी तो उजेड काढेल. बाकीच्या पोरांनाही त्रास व्हायचा थांबेल."

"नाव सांगणार न्हाय, मग कागद कशाला?"

"कागदाशिवाय ते ऐकत नाहीत."

"मग ऐकाय शिकवा त्यास्नी. आमच्या पोरीच्या नावानं कशाला?" तिचा आवाज चढला, तशी ती उठून दार लोटून आली. "हे बघा ताई. जमत आलंय तिचं. जयसिंगपूरची माणसं हाईत, मंगळवारी बघाय येणार हाईत. एकदा दवाखान्यात कागद झाला की झाला. फिट म्हटलं की लोक फेफरं म्हणत्यात, आन् फेफरं म्हटलं की दार बंद. तुमचा गेम काय पोरीला नांदवणार हाय?"

वडील तार ओढत होते. ते थांबले नाहीत.

"बरं, कागद राहू दे," मी म्हणाले. "निदान तिला जाळाजवळ बसवू नका. घासायला बसवा, ओवायला बसवा."

"आन् मंगळवारी त्यांनी विचारलं, पोरगी जाळावर का बसत न्हाय, तर?"

मी विनवलं. चिडलेसुद्धा. आई हलली नाही. मला ती कठोर वाटली नाही, ते सांगते. घाबरलेली होती आणि घाबरलेलं माणूस दार लावून घेतं.

ऋतुजा मला स्टँडपर्यंत सोडायला आली. रस्त्यात मी विचारलं, अजून खेळतेस का? म्हणाली, "खेळतो की. पण त्यो बॉस आला की डोळं मिटतो. ठेका कानानं कळतोय. दोनदा हरवलाय त्याला तसाच."

"कशाला एवढा जीव टाकतेस त्या गेमवर?"

ती जरा विचार करून म्हणाली, "आमच्या गल्लीत दिवसभर ठोकत्यात. मीबी ठोकतो. कुणी ऐकत न्हाय ते. गेममधी ठेका बरोबर पडला की पुढचं गाव उघडतंय." मग म्हणाली, "मॅडम, गाणं काढू नका हं. निस्ता उजेड काढा."

"डॉक्टरकडं जा. मी येते बरोबर."

"मंगळवार होऊ दे. ठरलं की जातो."

एसटीत बसल्यावर मला रडू आलं. कुणावर चिडावं ते समजत नव्हतं, म्हणून आलं असावं.

सोमवारी मी ऑफिसात जाऊन ते मत लाल केलं. बाकीची संशयित मतंही लाल केली आणि खाली लिहिलं की खेळाडूला प्रत्यक्ष भेटले आहे, त्रास खरा आहे, घरची माणसं कागद द्यायला तयार नाहीत. अनघाचा फोन आला. "ताई, ह्याला 'असत्यापित' लिहावं लागेल मला."

"म्हणजे?"

"म्हणजे पडताळलेलं नाही."

"मी तिच्या घरी बसून आलेय, अनघा."

"मला पटतंय हो. पण मी तिकडं काय दाखवू?"

तिनं पाठवलं मात्र. खोटं कशाला बोलू, तिनं पाठवलं. स्टुडिओचं उत्तर सभ्य होतं. मौल्यवान माहितीबद्दल आभार, पुढच्या मोठ्या अपडेटच्या वेळी विचार करू. पुढचं मोठं अपडेट म्हणजे दिवाळीनंतर.

मग मी डोकं चालवलं. त्या प्रत्येक मताखाली सपोर्टच्या नावानं लिहायला सुरुवात केली. "सहाव्या बॉसला उजेड फार लुकलुकतो. फिट, झीट, चक्कर असं काही झालं असेल तर तो भाग खेळू नका आणि डॉक्टरांना दाखवा." साधी मराठी, मोठी अक्षरं. दुपारपर्यंत माझी सगळी उत्तरं उडालेली होती. परवानगीशिवाय वैद्यकीय सल्ला दिल्याबद्दल ऑफिसला ताकीद आली. सपोर्टचा पासवर्ड माझ्याकडून काढून घेतला.

माने सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. "तुझं बरोबर हाय," म्हणाले. "पण हे काम गेलं तर खाली टायर विकाय लागंल सगळ्यास्नी. जरा दमानं घे."

मी दमानं घेतलं. मधे एकदा ऋतुजाला मेसेज केला, काय झालं मंगळवारचं? तिनं लिहिलं, "पसंत पडलो." पुढे एक हसरा चेहरा. डॉक्टरचं विचारलं, त्याला उत्तर नाही आलं.

पुढं एकदा सकाळी ऑफिसात बसलेली असताना फोन आला. अनोळखी नंबर.

"मी ऋतुजाची आई बोलतोय." आवाज अगदी सपाट होता. "तुमाला कागद पायजे हुता न्हवं? झालाय कागद. येऊन घेऊन जावा."

जाळावर बसलेली असताना तिला फिट आली होती. पुढं कोसळली ती ज्योतीवरच. घरात त्या वेळी आई मागे चुलीपाशी आणि वडील माल द्यायला बाहेर. गल्लीतल्या ठोकाठोकीत आवाज कुणाला आला नाही. वास आला तेव्हा आई धावली. जीव वाचला. डावा हात कोपरापर्यंत भाजला आणि डावा गाल.

मी कोल्हापुरातल्याच सरकारी दवाखान्यात गेले. ऋतुजा औषधानं झोपलेली होती, म्हणजे मला तोंड दाखवावं लागलं नाही. बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. आईनं पिशवीतून केसपेपर काढला. डॉक्टरांनी त्यावर सगळं लिहिलं होतं. आधी दोनदा फिट, कशानं आली, घरच्यांनी दाखवलं नाही, सगळं. आईनं बोटानं ती ओळ मला दाखवली. "ह्योच पायजे हुता न्हवं? काढा फोटू."

मी म्हणाले, "काकी, राहू दे आता."

"का ऱ्हाऊ दे? तवा कागद मागत हुता. आता कागद हाय तर ऱ्हाऊ दे म्हणताय?" तिनं तो माझ्यासमोर धरला. "काढा. दुसऱ्या कुणाची तरी पोरगी वाचंल."

मी फोटो काढला. पहिला हललेला आला, दुसरा काढावा लागला. जयसिंगपूरचं काय झालं ते मी विचारलं नाही. आईनं आपणहून सांगितलं. त्यांच्या कानावर दवाखान्यातूनच गेलं होतं. एकदा कुणी बघायलासुद्धा आलं नाही.

फोटो पाठवल्यावर अनघाचा फोन आला. "सॉरी ताई" म्हणाली आणि फोन ठेवला. ती रडत होती असं मला वाटलं. कागदानं मात्र काम चोख केलं. दिवाळीनंतर होणारी गोष्ट त्याच आठवड्यात झाली. सहाव्या बॉसचा उजेड मंद झाला. स्टुडिओनं एक पत्रही पाठवलं. झाल्या घटनेबद्दल खेद आहे, तथापि घटनेच्या वेळी सदर खेळाडू खेळत नव्हता. होतं ते खरंच. 'नव्हता' सोडून, तिथं 'नव्हती' हवं होतं.

गोष्ट इथं संपती तरी बरं झालं असतं. उजेड मंद झाल्यावर मतं यायला लागली. "बॉसचा जाळ गेला." "कुणी इझवला रं?" "पयल्यासारखं करा, न्हायतर गेम उडवतो." एक-एक स्टार. संग्राम एक-एक मत पूर्ण उघडून वाचत होता. टार्गेट गेलं खड्ड्यात, त्याला कुणी बोललं नाही. वाचून झाल्यावर तो माझ्याकडे बघायचा आणि लाल टॅग लावायचा. दुसरं काय लावणार? तक्रारच होती ती. खेळाडूंचं मत जसंच्या तसं वर पोचवायचं, हेच आमचं काम.

ते पोचलं. महिन्याभरात जुना उजेड परत आला. फक्त आता तो बंद करायचं एक बटण दिलं होतं, सेटिंग्जच्या आत, डिस्प्लेच्या आत, सगळ्यात खाली. त्या बटणाचं मराठी नाव अनघानं मलाच विचारलं. माझ्याकडे तयार होतं. "फिट येत असेल तर उजेड बंद." दोन दिवसांनी परत आलं. हा शब्द चालणार नाही, वाचून लोक गेमपासून लांब जातील. तिकडून दुसरं सुचवून आलं होतं, "आरामदायी दृश्य." मी भांडले. मेलवर मेल केले. शेवटी 'आरामदायी दृश्य'च लागलं. माने सरांनी त्यांचा नियम गाइडलाइनमधून स्वतः खोडला आणि त्या जागी लिहिलं, त्रासाचा शब्द दिसला की पूर्ण मत वाचावं. चांगली ओळ आहे. नवीन माणूस आला की मी ती त्याला मोठ्यानं वाचायला लावते.

ऋतुजा गोळ्या घेते. फिट परत आलेली नाही. हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत, त्यामुळे चांदीचं काम सुटलं. बसून बसून कंटाळते म्हणून डॉक्टरांनी गेम खेळायला हरकत नाही म्हटलं, पण उजेड बंद करून. मागच्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला होता. ऋतुजाचा मोबाईल हातात घेऊनच बोलत होती, "त्ये उजेड बंद करायचं कुठं हाय? पोरीच्या हातात द्यायच्या आधी मी करून ठेवतोय."

मी सांगत गेले. सेटिंग्ज. मग डिस्प्ले. मग खाली, अजून खाली. ती एकेक ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचत होती. शेवटाला गेली आणि म्हणाली, "फिट कुठंच लिवलेलं न्हाय ह्यात."

"तसं नाही लिहिलेलं, काकी. आरामदायी दृश्य बघा."

"ह्ये व्हय? ह्येला आरामदायी म्हणत्यात?" तिनं ते परत वाचलं. "फिट लिवलं असतं तर घावलं असतं की मला कवाच. का न्हाय लिवलं?"

"मी लिहिलं होतं. कंपनी म्हणाली, तो शब्द दिसला की लोक लांब पळतील."

पलीकडून बटण दाबल्याचा आवाज आला.  मग ती म्हणाली, "म्हंजे तुमच्या कंपनीलाबी पोरगी उजवायची हाय म्हणा की."